वीस मिलिमीटर

स्कोप वोबेचा. तिवईचा एक पाय सुतळीनं बांधलेला,
नळीवर लोकरीचं विटकं वेष्टन,
आणि डोळा टेकवायच्या जागी रबराची कड:
एकीकडे फिरवली की वर येते, उलटी फिरवली की आत बसते.
वोबेला चष्मा नाही. तो कड वर ठेवतो.
मला आहे. मी ती आत करते.
अकरा हिवाळे आमचं बोलणं बहुतेक एवढंच:
कट्.
कट्.

भरती चढत येते तसा चिखल आखडतो,
आणि दूरवर पांगलेले पाणटिवळे, टिलवे, करडे चिखल्या
पाऊल-पाऊल मागे सरत
मोडरगातच्या बांधापाशी येऊन दाटतात.
तेव्हा पाय वाचायचे. कुणीतरी, कुठेतरी,
एखाद्या नडगीवर पिवळं कडं चढवलेलं असतं,
त्यावर तीन अक्षरं, तांदळाच्या दाण्याएवढी.
ती टिपून घेतली की दिवस सार्थकी.

बिनचष्म्याच्या माणसाला हे सांगून कळत नाही.
डोळा आणि भिंग यांच्यात आणखी एक काच येते
आणि तेवढ्यानं परातीएवढा समुद्र
वाटीएवढा होतो.
पुढे झुकावं तर बाजूनं काळी कोर सरकते, ग्रहण लागल्यासारखी.
मागे सरावं तर बोगदा.
मधे कुठेतरी वीस मिलिमीटर.
तिथं मान रोखून उभं राहायचं
आणि श्वास खाली, मफलरमध्ये सोडायचा,
नाहीतर अख्खा थवा धुक्यात.

‘काढून ठेव की तो,’ पहिल्या वर्षी वोबे म्हणाला होता,
‘चाक फिरव. नंबर निघून जातो.’
जातो, खरंय. सरळ नंबर जातो.
माझा तिरका आहे, आणि चाकाला तिरकं कळत नाही.
चष्म्याविना माझ्या तुतवाराला दीड चोच,
आणि ‘बी’ काय, ‘आठ’ काय, दोघं जुळे भाऊ.
तो हसला. चाळीस वर्षं पाणदरवाजा सांभाळलेला माणूस;
होडी वळणावर असतानाच तिचं नाव सांगायचा,
लिहिलेलं दिसायच्या आधी, असं तोच सांगतो.

या मार्चमध्ये मी बांध चढून आले
तर तो आधीच येऊन उभा.
वाकले. हात सवयीनं रबराकडे गेला.
कड आत होती.
म्हटलं, चला, म्हातारा सुधारला.
थव्याच्या कडेला एक पाणटिवळा, एका पायावर, झोपेत.
दुसरा पाय खाली येईपर्यंत थांबले. पिवळं कडं.
‘आठ, के, आठ,’ मी म्हणाले, वहीत लिहिलं,
आणि उपकाराची फेड म्हणून कड वर केली. कट्.
‘घे, बघ.’

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.
‘वारा,’ म्हणाला, ‘तिवई हलतेय.’
तिवई हलत नव्हती.
त्यानं टोपी मागे सारली तेव्हा दिसलं:
नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन खुणा,
डाळीएवढ्या, लालसर, ताज्या.
आणि कोटाच्या आतल्या खिशाला
काहीतरी लांबट, टणक.

मी थर्मास उघडला. दोन कप भरले.
मग म्हटलं, आपल्या नाही, बांधाखालच्या मेंढ्या
जरा मोजून येते, परवा एक कुंपणात अडकली होती,
आणि पाठ केली.

वारा समुद्राकडून होता, म्हणून सगळं ऐकू आलं:
डबी उघडल्याचा आवाज.
मग काही नाही, मग नाक ओढल्याचा.
मग, हळूच, जणू कुणी झोपलंय,
कट्.

‘आठ नाहीये ते,’ वोबे ओरडला.
‘बी आहे. दोन्हीकडे बी! काच पूस तुझी.’

मी मोजत राहिले.
चौतीस. पस्तीस.
ती अडकलेली बहुधा हीच,
खांद्यावरची लोकर उपटलेली.